फाल्गुन-चैत्रातील हवामान आणि भातानंतरचा गहू

(हिंजवडी परिसरातील पिकांच्या निमित्ताने)

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात फाल्गुन महिना म्हणजे शेतकऱ्यांच्या परीक्षेचा काळ होय. थंडी ओसरू लागते, दुपारचे ऊन चढते, गव्हाच्या ओंबीत दाणा भरत असतो, हरभऱ्याचे घाटे पिवळे पडू लागतात. वर्षभराच्या कष्टाचे फळ डोळ्यांसमोर उभे असते, परंतु ते अद्याप घरात आलेले नसते. चार दिवस कडक ऊन पडले तर दाणा चिमटतो. एखादे दिवशी आभाळ भरून येऊन गारा पडल्या तर उभे पीक आडवे होते. हे दोन्ही धोके टाळणे माणसाच्या हातात नाही. मात्र पीक या धोक्यांच्या वाटेत कोणत्या अवस्थेत सापडावे, हे पुष्कळ अंशी शेतकऱ्यांच्या हातात असते. प्रस्तुत पाठात या एकाच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

प्रदेशाची ओळख

पुणे जिल्हा पश्चिमेस सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून पूर्वेस इंदापूरपर्यंत पसरला आहे. घाटमाथ्यावर लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुणे शहरात तो सुमारे सव्वासातशे मिलिमीटर होतो, तर बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या जवळपास येतो. यामुळे एकाच दिवशी जिल्ह्याच्या निरनिराळ्या भागांत पिकांची स्थिती निरनिराळी दिसते. फाल्गुनात मावळ-मुळशीतील भाताची खाचरे मोकळी असतात किंवा त्यांत गहू, हरभरा, वाल, मसूर ही दुसरी पिके उभी असतात. शिरूर-दौंडकडे मालदांडी ज्वारीची काढणी चालू असते, जुन्नर-आंबेगावकडे रब्बी कांदा पोसत असतो, तर पुरंदरात अंजिराच्या बागा फळांवर येतात.

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात, घाटाच्या उतारावरील भातशेती व पूर्वेकडील कोरडवाहू शेती यांच्या संधिप्रदेशात आहे. मागील शतकाच्या अखेरीपासून येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले आणि शिवाराचा मोठा भाग इमारती व रस्ते यांच्याखाली गेला. तथापि माण, नेरे, जांबे, कासारसाई या बाजूस आजही भात व ऊस होतो आणि भाताच्या मागे गहू व हरभरा घेतला जातो. शिल्लक राहिलेली जमीन थोडी आहे, मजुरी महाग आहे, आणि मजूर वेळेवर मिळेलच अशी खात्री नाही. अशा ठिकाणी एक हंगाम वाया जाणे अधिक जड जाते. सबब या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी हवामानाचा हिशेब अधिक काटेकोरपणे ठेवणे अगत्याचे आहे.

फाल्गुन-चैत्रातील हवामान

पुणे येथील वेधशाळेच्या दीर्घकालीन सरासरीप्रमाणे जानेवारीत कमाल तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअस व किमान सुमारे ११ अंश असते. फेब्रुवारीत कमाल तापमान ३२ अंशांच्या आसपास, मार्चमध्ये ३५ ते ३६ अंश आणि एप्रिलमध्ये ३८ अंशांच्या आसपास जाते. किमान तापमानही मार्चमध्ये १६ अंशांच्या जवळ येते. म्हणजे जानेवारीपासून मार्चपर्यंतच्या दोन महिन्यांत दिवस आणि रात्र दोन्ही सुमारे पाच अंशांनी तापतात. हवा कोरडी होते व दुपारचे वारे वाढतात, त्यामुळे जमिनीतील ओल झपाट्याने उडून जाते.

ही झाली सरासरी. प्रत्यक्षात काही वर्षी ऊन लवकर येते. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सर्व मार्च महिन्यांत अधिक ठरले. उत्तर भारतात गव्हाचा दाणा बारीक राहिला, उत्पादनाचे अंदाज खाली आले आणि त्याच वर्षी १३ मे रोजी केंद्र सरकारला गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, देशाच्या सरासरी कमाल तापमानाने त्या महिन्याचा तोपर्यंतचा उच्चांक गाठला. यावरून उन्हाळा फेब्रुवारीतच दारात उभा राहू शकतो, हे शेतकऱ्यांनी गृहीत धरावे.

दाणा कसा भरतो

गहू हे थंड हवेचे पीक आहे. दाणा भरण्याच्या वेळी दिवसाचे ऊन सौम्य व रात्र थंड असेल तर पाने अधिक दिवस हिरवी राहतात. त्या पानांत तयार झालेले अन्न सावकाश दाण्यात उतरते व दाणा टपोरा होतो. कमाल तापमान ३० अंशांच्या वर चढत गेले की पीक घाई करू लागते. पाने लवकर पिवळी पडतात, दाणा भरण्याचे दिवस कमी होतात, आणि ओंबी वरून पूर्ण दिसली तरी आतील दाणा सुरकुतलेला व हलका निघतो. रात्र उष्ण असल्यास दिवसा मिळविलेल्या अन्नाचा मोठा वाटा झाडाच्या श्वसनातच खर्च होतो. म्हणून केवळ दुपारच्या उन्हाकडे पाहून भागत नाही, पहाटेचा गारवा किती दिवस टिकला हेही पाहावे लागते.

हिंजवडीसारख्या ठिकाणी याला आणखी एक कारण जोडले जाते. सिमेंटच्या इमारती व डांबरी रस्ते दिवसा उष्णता साठवितात व रात्री ती हळूहळू सोडतात. त्यामुळे अशा वस्तीला लागून असलेल्या शेतात रात्रीचा गारवा मोकळ्या शिवारापेक्षा कमी राहण्याचा संभव असतो.

पेरणीच्या तारखेचा हिशेब

गव्हाच्या पिकाच्या अवस्था दिवसांत मोजता येतात. पेरणीपासून १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, ४० ते ४५ दिवसांनी पीक कांडी धरते, ६५ ते ७० दिवसांनी फुलोरा व चीक येतो, आणि ८० ते ९० दिवसांनी दाणा भरतो. आता दोन शेतांचा विचार करू.

पहिल्या शेतात १० नोव्हेंबरला पेरणी झाली असे समजा. त्यातील दाणा भरण्याचा काळ २९ जानेवारी ते ८ फेब्रुवारी असा येतो. या दिवसांत कमाल तापमान सर्वसाधारणपणे ३० ते ३१ अंश असते व पहाटे थंडी असते. दुसऱ्या शेतात १० डिसेंबरला पेरणी झाली. तेथे दाणा भरण्याचा काळ २८ फेब्रुवारी ते १० मार्च असा येतो. या वेळी कमाल तापमान ३४ अंशांच्या घरात पोहोचलेले असते. बी तेच, खत तेच, पाणी तेवढेच. केवळ एक महिन्याच्या उशिराने पिकाला तीन-चार अंश अधिक ताप सोसावा लागतो.

हा उशीर किती महाग पडतो, याचा हिशेब कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत दिलेला आहे. बागायत गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. १५ नोव्हेंबरनंतर पेरणीस जसजसा उशीर होतो, तसतसे दर पंधरवड्यास हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल, म्हणजे एकरी सुमारे एक क्विंटल उत्पादन घटते. वरील उदाहरणातील दुसऱ्या शेतकऱ्याचे या हिशेबाने एकरी दीड ते दोन क्विंटल नुकसान होते. ते फाल्गुनात दृष्टीस पडते खरे, परंतु घडलेले असते मार्गशीर्षात. चैत्रातील रास कार्तिकातच मोजली जाते, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

उशीर का होतो

या पट्ट्यात उशिराचे मुख्य कारण भात हे होय. वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेला इंद्रायणी भात येथे लोकप्रिय आहे. तो तयार होण्यास १३५ ते १४० दिवस लागतात. १० जूनला रोप टाकले तर कापणी ऑक्टोबरच्या अखेरीस येते. रोप टाकण्यास पंधरा दिवस उशीर झाला तर ती नोव्हेंबरच्या मध्यावर जाते. त्यानंतर भात सुकविणे, खाचर वाफशावर येणे, नांगरट व ढेकळे फोडणे यांत आणखी दोन-तीन आठवडे निघून जातात. परतीचा पाऊस लांबल्यास खाचरातील चिकण जमीन लवकर वाफशावर येत नाही.

म्हणून गव्हाची पेरणी वेळेवर व्हावी असे वाटत असेल, तर सुरुवात जून महिन्यापासूनच करावी लागते. रोपवाटिका वेळेवर टाकावी. कापणीपूर्वी आठ-दहा दिवस खाचरातील पाणी बांध फोडून काढून द्यावे. कापलेला भात खाचरात पसरून न ठेवता बांधावर किंवा खळ्यावर न्यावा, म्हणजे नांगर लगेच चालविता येतो.

खाचर केव्हा मोकळे झाले, त्यावरून पीक ठरवावे

(१) खाचर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मोकळे झाले आणि विहिरीला किंवा कालव्याला पाच-सहा पाळ्यांची खात्री असली, तर गहू घ्यावा. पाणी तेवढे नसल्यास हरभरा पेरावा. हरभरा जमिनीतील ओलीचा चांगला उपयोग करतो व फांद्या फुटण्याच्या आणि घाटे धरण्याच्या वेळी मिळालेल्या दोन पाण्यांवर समाधानकारक येतो. शिवाय त्याच्या मुळांवरील गाठींमुळे पुढील भाताला नत्राचा लाभ होतो.

(२) खाचर नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी मोकळे झाल्यास उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेलाच वाण निवडावा. निफाड येथील कृषी संशोधन केंद्राचा एनआयएडब्ल्यू ३४ हा वाण याच कामासाठी आहे, व त्याच केंद्राचा समाधान हा वाण वेळेवर तसेच उशिरा अशा दोन्ही पेरणीस चालतो. उशिराच्या पेरणीत फुटवे कमी येतात. यासाठी हेक्टरी १२५ ते १५० किलो बी वापरावे व दोन ओळींतील अंतर १८ सेंटिमीटर ठेवावे.

(३) १५ डिसेंबर उलटून गेल्यावर धान्यासाठी गहू पेरू नये. पाण्याची सोय असल्यास जनावरांसाठी चारा मका घ्यावा, किंवा जमीन तयार करून १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात, थंडी ओसरताच, उन्हाळी भुईमूग पेरावा. उन्हाळी भुईमुगास जी ऊब हवी असते, तीच गव्हाला मारक ठरते. एकाच हवेचा एका पिकाला तोटा व दुसऱ्याला लाभ होतो, हे ध्यानात घेऊन पीक बदलणे यात कमीपणा नाही.

फाल्गुनात काय करता येते

पेरणी उशिरा झालीच असेल तर निराश होऊन पीक सोडून देऊ नये. दाणा भरताना ओलीचा ताण पडू देऊ नये, कारण ओलसर जमिनीवरील पीक उन्हाचा मारा अधिक सोसते. पाणी हलके द्यावे आणि वारा पडल्यावर, म्हणजे सायंकाळी किंवा रात्री द्यावे. दुपारच्या सोसाट्यात भिजलेल्या जमिनीतील पीक लोळते.

पाणी मुळातच कमी असेल तर ते कोणत्या दिवशी द्यावयाचे हे आधी ठरवावे. एकच पाणी मिळणार असेल तर ते ४० ते ४२ दिवसांनी द्यावे. दोन मिळणार असतील तर २० ते २२ व ६० ते ६५ दिवसांनी द्यावीत. तीन असतील तर २०-२२, ४०-४२ व ६०-६५ दिवसांनी द्यावीत. पीक ५५ व ७० दिवसांचे असताना १९:१९:१९ या विद्राव्य खताची दोन टक्के, म्हणजे दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम याप्रमाणे फवारणी केल्यास दाण्याला आधार मिळतो.

हरभऱ्यात घाटेअळीवर लक्ष ठेवावे. आभाळ दाटून राहिले की तिचा उपद्रव वाढतो. पक्ष्यांना बसण्यासाठी शेतात काठ्यांचे थांबे उभे करावेत, हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत व अळ्या लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. मोठी अळी घाट्यात तोंड खुपसून बसल्यावर औषधाचा उपयोग फारसा होत नाही.

कासारसाईच्या बाजूस सुरू हंगामातील उसास या दिवसांत कोरड्या उन्हामुळे खोडकिडीचा त्रास संभवतो. पाण्याच्या पाळ्या चुकवू नयेत व बाळबांधणी वेळेवर करावी. खोडव्यातील पाचट न जाळता सरीत पसरावे. त्यामुळे ओल टिकते आणि कालांतराने जमिनीला सेंद्रिय खतही मिळते.

अवकाळी पाऊस व गारपीट

फाल्गुन-चैत्रात जमीन तापल्याने हवा वर चढू लागते. त्याच वेळी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले वारे व उत्तरेकडील कोरडे, थंड वारे यांची गाठ पडली की दुपारनंतर उंच ढग तयार होतात. ढगाचा माथा फार उंच गेला म्हणजे त्यातील थेंब गोठतात व त्यांवर बर्फाचे थर चढत जाऊन गारा पडतात. सकाळी उकाडा, दुपारी वारा पडणे व क्षितिजावर कोबीच्या गड्ड्यासारखे ढग वाढताना दिसणे ही याची नेहमीची लक्षणे होत. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत वारंवार गारपीट झाली आणि गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्षे व डाळिंबे यांची फार मोठी हानी झाली. त्या वर्षी ज्यांचे धान्य घरात येऊन पडले होते ते वाचले. वेळेवर पेरणी करण्याचा हा दुसरा लाभ होय.

पुढील काळजी घ्यावी. पक्व झालेले पीक एक दिवसही शेतात ठेवू नये. कापलेल्या पेंढ्यांची सुडी उंच जागी रचावी, वर ताडपत्री टाकून ती दोरीने बांधावी व भोवती चर काढावा. मळणीयंत्र गावात एक-दोनच असल्यास शेतकऱ्यांनी आपसांत पाळी आधी ठरवून घ्यावी. पावसात भिजलेले धान्य ढीग करून न ठेवता पातळ पसरून वाळवावे, आणि साठवणुकीपूर्वी दाण्यातील ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आणावा. विजा चमकू लागल्या की झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ किंवा उघड्या माळावर थांबू नये व जनावरेही झाडाला बांधू नयेत. पीक गेले तरी पुन्हा येते, माणूस गेल्यास परत येत नाही. नुकसान झाल्यास पीक हलविण्यापूर्वी महसूल व कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांस कळवून पंचनामा करून घ्यावा.

हिंजवडी व वाकड येथे चैत्री पौर्णिमेस म्हातोबाचे बगाड निघते. गावातील प्रत्येक घर त्या दिवशी यात्रेत गुंतलेले असते. त्यापूर्वी खळी झाडून धान्य घरात आणण्याचा नेम ठेवला, तर तोच सर्वांना सोयीचा व लक्षात राहणारा मुदतीचा दिवस ठरेल.

गावाची हवामान नोंदवही

पुणे हे या विद्येचे जुने केंद्र आहे. भारतीय हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ साली पुण्यात सुरू झाला व डॉ. एल. ए. रामदास यांनी त्याची धुरा वाहिली. निरभ्र व शांत रात्री सर्वांत थंड हवा अगदी जमिनीला लागून नसून तिच्या काहीशी वर असते, हे त्यांनी सूक्ष्म मोजमापाने दाखवून दिले. वीतभर उंचीच्या फरकानेही पिकाभोवतालची हवा बदलते, हा त्यातील बोध आहे. म्हणून शहरातील वेधशाळेचा आकडा हाच आपल्या शेताचा आकडा, असे मानू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी गावातील एका शेतात, सावलीत व मोकळ्या हवेत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर कमाल-किमान तापमापक टांगावा. सोबत साधे पर्जन्यमापक ठेवावे. १ नोव्हेंबरपासून चैत्र अखेरपर्यंत रोज सकाळी एकाच वेळी नोंद घ्यावी. त्याच वहीत निदान दहा शेतांची माहिती लिहावी: खाचर मोकळे झाल्याची तारीख, पेरणीची तारीख, वाण, दिलेली पाणी व त्यांचे दिवस, ओंबी बाहेर पडल्याची तारीख, आणि शेवटी एकरी उतारा. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो, आणि २०१९ पासून तो 'मेघदूत' या भ्रमणध्वनीवरील उपयोजनातूनही मिळतो. त्यातील अंदाज गावाच्या फळ्यावर लिहून ठेवावा. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदीवरून आपल्या शिवारात गव्हाची पेरणी कोणत्या तारखेनंतर परवडत नाही, हे गावाला स्वतःच ठरविता येईल. बाहेरून आलेल्या सल्ल्यापेक्षा शेजाऱ्याच्या शेतातील उतारा शेतकऱ्यांस अधिक लवकर पटतो.

उजळणीसाठी प्रश्न

१. आपल्या गावात भाताची खाचरे गेल्या हंगामात कोणत्या तारखेस मोकळी झाली?
२. २५ नोव्हेंबरला पेरलेल्या गव्हाचा दाणा भरण्याचा काळ कोणत्या तारखांस येईल? त्या दिवसांत कमाल तापमान किती असते?
३. विहिरीत तीनच पाण्यांपुरता साठा असल्यास गव्हास ती केव्हा द्यावीत? तेच पाणी हरभऱ्यास दिल्यास किती क्षेत्र भिजेल?
४. आपल्या गावात मळणीची पाळी ठरविण्याचे काम कोणी व केव्हा हाती घ्यावे?

ग्रामकार्यकर्त्यांनी हे प्रश्न शेतकऱ्यांच्या बैठकीत ठेवावेत व उत्तरे फळ्यावर मांडावीत. ही बैठक फाल्गुनात पीक पाहताना एकदा घ्यावी आणि जूनमध्ये रोप टाकण्यापूर्वी पुन्हा एकदा घ्यावी. पहिल्या बैठकीत चूक दिसते आणि दुसऱ्या बैठकीत ती सुधारण्याची वेळ हातात असते.